रामटेकेभाऊंचा चार्ज

आयुष्यात मी एकच सरकारी तक्रार केली, आणि ती नेमकी ज्या माणसाविरुद्ध करायला नको होती त्याच्याविरुद्ध केली. तेव्हा मी लहान होते. जेमतेम एकसष्ट वर्षांची. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, ओरडायला वर्ग उरला नव्हता आणि अख्ख्या गावाला शिस्त लावायची राहूनच गेली आहे असं मला मनापासून वाटत होतं. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईचं मला हसू येतं. तेव्हाच आलं असतं तर एक कागद वाचला असता.

झालं ते असं. सकाळी मी मागच्या अंगणात तुरी वाळत घालायला गेले, तर आमच्या सिमेंटच्या टाकीवर एक माणूस. म्हणजे अर्धाच. कमरेपासून खाली तो आमच्या अंगणात होता आणि कमरेपासून वर टाकीत. मी हातातलं सूप टाकलं आणि धावत जाऊन त्याचे दोन्ही पाय धरले.

"जीव देऊ नका हो भाऊ! निदान आमच्या टाकीत तरी देऊ नका!"

टाकीतून घुमलेला आवाज आला, "बाई, पाय सोडा. झाकन कुठी हाय टाकीचं?"

मी पाय सोडले. उरलेला माणूस बाहेर आला. साठीचा, काटकुळा, शर्ट इस्त्रीचा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. एका हातात लांब दांड्याची पांढरी पळी, दुसऱ्या हातात भर उन्हात लावलेली बॅटरी. त्याने ती पळी माझ्या नाकाखाली धरली.

"पाहा. कशा वळवळून राह्यल्या."

"हे काय आहे?"

"तुमचे पाहुने. चार दिवसांनी पंख फुटतीन, मंग तुमच्याच घरी जेवाले येतीन."

"तुम्ही कोण?"

"आरोग्य निरीक्षक. म्हंजे होतो. म्हंजे रिटायर झालो, पन चार्ज माझ्याकडेच हाय."

या एका वाक्यात अख्खा माणूस होता, पण शहाण्या बाईला कळेल तर ना! मी घरात जाऊन दोन पानी तक्रार लिहिली. 'एक अनोळखी इसम स्वतःस आपल्या खात्याचा अधिकारी म्हणवून महिलांच्या घरच्या टाक्यांत डोके घालतो,' वगैरे. अक्षर माझं मोत्यासारखं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात नेऊन दिली, पोच घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आले. तालुका कुठला ते सांगत नाही. गडचिरोलीच्या वाटेवरचा आहे, एवढं पुरे. मला अजून त्याच बाजारात भाजी घ्यायची आहे.

आठव्या दिवशी दारात तोच माणूस उभा. आज भांग पाडलेला, काखेत फाइल.

"जय भीम, बाई. तुमची तक्रार आली हाय. चौकशीले आलो."

"कोणाची चौकशी?"

"माझी."

मागाहून कळलं ते असं की, माझ्या तक्रारीवर साहेबांनी शेरा मारला होता, 'आरोग्य निरीक्षक यांनी समक्ष जाऊन अहवाल द्यावा.' आता निरीक्षकाचं पद रिकामं. कागद बाबूच्या टेबलावर पडून. आणि हा माणूस दर सोमवारी त्या ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "आले काय?" म्हणजे आपल्या जागेवर नवा माणूस आला का? बाबू वैतागून म्हणाला, "नाई आले भाऊ. आन् येऊनबी नाई राह्यले. तुम्हीच पाहून टाका एवढा कागद."

तर त्याने पाहिला. आमच्या व्हरांड्यात बसून, चष्मा लावून, शपथेवर घ्यावी तशी माझी जबानी घेतली.

"त्या इसमाले समोर पाह्यलं तं वळखान काय?"

"अहो, तुम्हीच की तो!"

"वळख पटली," म्हणत त्याने लिहून घेतलं. "इसमानं काही चोरलं काय?"

"नाही."

"काही बोलला काय वाकडं?"

"झाकण कुठे आहे म्हणाला."

"हाय काय झाकन?"

माझी सून आत तोंडात पदर कोंबून हसत होती. अहवाल त्याने मला वाचून दाखवला : तक्रारीत तथ्य आहे. इसम टाकीत डोकावला. टाकीत अळ्या आढळल्या. इसमास समज देण्यात आली. तक्रारदार बाईंनी आठ दिवसांत झाकण बसवावे.

खाली सही : रामटेके.

असे आमच्या घरी रामटेकेभाऊ आले, ते येतच राहिले. पुढची सात वर्षं आमच्या गल्लीत दर गुरुवार 'कोरडा दिवस' असायचा. कूलर, हंडे, कुंडीखालच्या बश्या, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, सगळं पालथं. हे सरकारने सांगितलं नव्हतं. सरकारने सांगून सोडून दिलेलं रामटेकेभाऊंनी उचललं होतं. त्यांची हाक गल्लीच्या तोंडापासून यायची, "पानी कुठी साचलं?" लोक एकमेकांना 'कसे आहात' विचारतात ना, तसं ते हे विचारायचे. बाजारात, एसटीत, कोणाच्या मयतीलासुद्धा.

लग्नातला त्यांचा आहेर ठरलेला होता. काचेची बरणी, वर रंगीत फीत, आत पाच-सहा गप्पी मासे. नवरीच्या हातात देऊन म्हणायचे, "बेटा, सासरच्या टाकीत सोडजो. अळ्या खाते. वंश वाढते." शेवटचे दोन शब्द माशांबद्दल असत, पण मांडवातली बाया-माणसं भलतंच समजून लाजायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्या माशांनी झाली आहे.

डासांविषयी मात्र ते कधी वाईट बोलत नसत. "मादी चावते बाई, नर नाई. नर बिचारा झाडाचा रस पिऊन राह्यते."

"बाईलाच बदनाम करा," मी म्हणायची.

"बदनाम काऊन? तिले लेकरं वाढवाची हाय. नराले काय काम हाय?" मग पळी पुसत, "नर लय दिवस जगतबी नाई."

त्यांची बायको निवृत्तीच्या दोन वर्षं आधी गेली होती. मुलगा हैदराबादेला. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली लोखंडी कपाट. त्या कपाटात तो चार्ज.

चार्ज म्हणजे काय, ते मी एकदा विचारलं. त्यांनी यादी काढली. तीन प्रती, कार्बन घालून केलेल्या. बॅटरी एक. पळी एक. भिंग एक. फवारणी पंप दोन, पैकी एक बंद. गावनिहाय नोंदवह्या. कार्यालयाच्या कोठीची किल्ली एक. खाली दोन सह्यांच्या जागा : 'देणार' आणि 'घेणार'. 'देणार'पुढे सही झालेली, 'घेणार' कोरा.

"रिटायर झालो त्या दिवशी साहेब म्हने, ठेवून द्या टेबलावर. म्या म्हनलं, साहेब, टेबलाले कसा चार्ज देऊ? टेबल सही करन काय?"

"मग?"

"मंग साहेब म्हने, ठेवा तुमच्याचपाशी, मानूस आला का द्या. मानूसच नाई आला."

मी तेव्हा हसले होते. म्हणाले, भाऊ, पंप आणि पळी सरकारला नकोच असतील, द्या भंगारात. ते हसले नाहीत. यादीची घडी घालून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

भाऊंनी पुढे हायकोर्टात जनहित याचिका केली, ते डोक्यात कोणी घातलं म्हणाल तर माझाच दोष. रहीमभाई टेलरची लेक शबाना नागपूरला हायकोर्टात वकिली करते. माझी विद्यार्थिनी, तिसरीत पाढे म्हणताना सातच्या पाढ्यात रडायची. ईदला घरी आली तेव्हा मी गमतीत म्हटलं, "शबाना, आमच्या भाऊंच्या चार्जचं काही कर बाई, नाहीतर ते वर जाऊन चित्रगुप्ताला देतील."

शबाना गमतीवर घेत नाही. तिने व्हरांड्यात बसलेल्या भाऊंना विचारलं, "काका, अशी रिकामी पदं किती आहेत?"

बस्स. रामटेकेभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा कोणी आकडा विचारला होता. पुढचे आठ महिने ते माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकत चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत एसटीने हिंडले. अर्ज मी लिहायची, कारण त्यांच्या अक्षराला पाय फुटायचे. मोहर्लीकडून आले तेव्हा मी विचारलं, "वाघ दिसला का?" म्हणाले, "वाघ पाहाले लोक जिप्सीत बसून लायनी लावून राह्यले बाई. निरीक्षक तेवढा नाई दिसला. हॉटेलायच्या मागं टायरं पडून हाय, पान्यानं गच्च भरून." सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावरून आले ते केसांपर्यंत लाल होऊन. कामगारांच्या वस्तीतल्या पिंपांचं तासभर वर्णन केलं, खनिजाचं एक वाक्य नाही.

शबानाने सगळ्या कागदांची याचिका बांधली, आणि मग म्हणाली, "बाई, तुमची ती तक्रार आहे ना, ती लावते. निरीक्षकाविरुद्धची तक्रार चौकशीला निरीक्षकाकडे, आणि निरीक्षक नाही म्हणून आरोपीकडे. याहून चांगला पुरावा मला मिळणार नाही."

म्हणजे माझा मूर्खपणा, परिशिष्ट म्हणून, पानाला नंबर घालून, हायकोर्टात.

पहिल्या तारखेला मी सोबत गेले. मोरपंखी साडी नेसून गेले, जसं काही माझाच सत्कार आहे. दोन न्यायमूर्ती होते. शबाना इंग्रजीत फडाफडा बोलत होती. सातच्या पाढ्याला रडणारी ती हीच, हे सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं. परिशिष्टाचं पान आलं. न्यायमूर्तींनी वाचलं, शेजारच्यांकडे सरकवलं, आणि दोघांच्याही खांद्यांची हालचाल झाली. मग त्यांनी मान वर करून मराठीत विचारलं, "या तक्रारदार बाई आल्या आहेत का?"

मी उभी राहिले. अख्खं कोर्ट वळलं.

"झाकण बसवलं का?"

"हो साहेब," म्हटलं. आवाज तिसरीतल्या मुलीसारखा निघाला.

मग त्यांनी रामटेकेभाऊंना विचारलं, "यात तुमचा स्वतःचा काही फायदा?"

"नाई साहेब. मले फक्त सही पायजे."

"कोणाची?"

"जो चार्ज घेईन त्याची."

सरकारी वकील उठून म्हणाले, पदभरतीची प्रक्रिया सुरू आहे. न्यायमूर्ती म्हणाले, किती दिवसांपासून? ते म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. हे एवढं सांगायला त्यांना तीन तारखा लागल्या.

परतीच्या एसटीत मी फुशारकीत होते, न्यायमूर्ती माझ्याशी कसे बोलले ते परत परत सांगत होते. रामटेकेभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. ब्रह्मपुरी मागे गेल्यावर आपणहून बोलू लागले.

"नोकरीत असताना माझ्याकडे चार जागांचा चार्ज होता, बाई. माझी एक, आन् तीन रिकाम्या. नदीपल्याड एक गाव होतं. पावसाळ्यात नाव चालली तं चालली. तिथी ताप सुरू झाला. मी दुसऱ्या टोकाले फवारणीवर होतो. पोचलो तवा एका घरचं पोरगं गेलं होतं. सात वर्साचं."

मी मोरपंखी पदर आवरून त्यांच्याकडे वळले.

"आमी भेटीले गेलो का दाराच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहतो. त्या घरी माझ्याच हातची तारीख होती. आठ महिन्यांपैलची. त्याची माय त्या तारखेवर हात ठेवून उभी होती फक्त."

कंडक्टर तिकिटं तपासायला आला. भाऊंनी आपलं दाखवलं, माझंही दाखवलं.

"चार जागा एका मानसाच्यानं सांभाळनं होत नाई बाई. कागदावर राहते."

त्या दिवसापासून मी चार्जच्या यादीला हसले नाही. बाकी सगळ्याला हसत राहिले, तो माझा स्वभाव आहे.

तारखा दोन वर्षं चालल्या. शबाना प्रत्येक वेळी नागपूरहून फोन करायची, भाऊ प्रत्येक वेळी माशांची बरणी घेऊन आमच्या व्हरांड्यात बसून, तिचं पाणी बदलता बदलता ऐकायचे. शेवटी कोर्टाने मुदत घालून दिली, जाहिरात निघाली, परीक्षा झाली. सगळ्या जागा भरल्या असं म्हणणार नाही. खोटं बोलायचं वय राहिलं नाही माझं. पण आमची जागा भरली. एका सोमवारी भाऊ ऑफिसात गेले आणि नेहमीसारखं "आले काय?" विचारलं, तर बाबू म्हणाला, "आली."

मडावीबाई. एटापल्लीकडची पोर, पंचविशीची, स्कूटीवर. डोक्याला स्कार्फ, पाठीला पिशवी, हातात टॅब. माडिया, गोंडी, मराठी, तिन्ही बोलते.

चार्ज देण्याचा कार्यक्रम मी पाहिला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. भाऊंनी लग्नातला असावा तसा कोट घातला होता, भर ऑगस्टात. एकेक वस्तू टेबलावर मांडली. बॅटरीत नवे सेल टाकले होते. बंद पंपाबद्दल म्हणाले, "हा बंद हाय, पन याचा वायसर चांगला हाय." मग नोंदवह्या. गावागणिक उलगडून सांगत गेले : इथं विहीर उघडी हाय, इथली पाटलीन फवारा मारू देत नाई, तिले आधी चहा माग मंग बोल, इथी भिंती सारवू देऊ नको पंधरा दिवस, नाईतर औषध गेलं मातीत. तीन तास. मडावीबाईने एकदाही घड्याळ पाहिलं नाही, पोरगी गुणाची. शेवटी तिने यादी नीट वाचली, पळी मोजली, किल्ली लावून पाहिली, आणि 'घेणार'पुढे सही केली.

भाऊ त्या सहीकडे बघत बसले.

"सर, आता तुम्ही आराम करा," ती म्हणाली. "मी आहे ना."

"हो," भाऊ म्हणाले. "आता आराम."

ऑफिसातल्या सगळ्यांनी तेच म्हटलं. मीही म्हटलं. आराम करा, आराम करा. माणसाला बुडवायचं असेल तर सगळ्यांनी मिळून एवढं म्हटलं की पुरतं.

त्यानंतरचा गुरुवार आला. गल्लीत हाक नाही. मडावीबाई स्कूटीवर आली, टाक्या पाहिल्या, टॅबवर टिपलं, छान बोलली, गेली. पुढचा गुरुवार, तेच. भाऊ नाहीत. बाजारात नाहीत, एका लग्नात नाहीत. नवरीला सहा मिक्सर आले, मासा एकही नाही. सून म्हणाली, "आई, जाऊन पाहून या ना." पण मी मानी. सात वर्षं तो माणूस माझ्या दारी आला होता, मी त्याच्या दारी कामाशिवाय कधी गेले नव्हते. आता काय सांगून जायचं?

मग मला युक्ती सुचली. एकसष्टची ती बाई माझ्यात अजून जिवंत आहे, हे तेव्हा कळलं.

माळ्यावरचा जुना कूलर उतरवून घेतला. मागच्या अंगणात सावलीत ठेवला. दोन बादल्या पाणी ओतलं आणि गुरुवारी मडावीबाई यायच्या वेळेला त्यावर गोणपाट टाकलं. सून म्हणाली, "आई, हे तुम्ही काय करून राह्यल्या?" मी म्हटलं, "तुला नाही कळणार." दहाव्या दिवशी गोणपाट उचललं. वळवळ! अशा सुरेख, धष्टपुष्ट अळ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. लगेच भाऊंना फोन लावला.

"भाऊ, अळ्या झाल्या हो आमच्याकडे! लवकर या!"

"मडावीबाईले सांगा. माझ्याकडे चार्ज नाई आता. मले हक नाई पाहाचा."

"ती एटापल्लीला गेलीय," मी ठोकून दिलं. "तोवर पंख फुटतील."

अर्ध्या तासाने आले. हातात पळी नाही, बॅटरी नाही, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. कूलरपाशी उकिडवे बसले. आमच्या स्वयंपाकघरातला डाव मागितला, पाणी उचलून उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग कूलरच्या तळाकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, वर माळ्याच्या शिडीकडे पाहिलं. सून घाईने आत पळाली.

त्यांनी कूलर तिरपा केला, पाणी कोरड्या मातीत ओतून दिलं, टाकीचं आतलं अंग फडक्याने खरवडून पुसलं. मी उगाच बडबडत होते, हा पाऊस कसा, हे पाणी कसं आपोआप साचतं. एक शब्द नीट जमत नव्हता. शाळेत चोरी पकडल्यावर पोरं अशीच बोलायची माझ्यासमोर.

भाऊंनी हात धुतले. पायरीवर बसले. डोळे ओले होते की उन्हाने मिचकावत होते, मला सांगता येणार नाही, माझा चष्मा घरात होता. ते म्हणाले :

"बाई, अळ्या कायले पाळल्या? नुसतं 'या' म्हनाचं होतं न. बिनकामाचं कोनी बोलावत नाई मले, म्हनून तं मी जिंदगीभर काम घेऊन लोकायच्या दारी जात होतो."